अजॅक्सपूर्व सात वर्षांचा विसर

आजच्या धाग्यात एका दंतकथेचा समाचार घ्यायचा आहे. वेबचा इतिहास सांगणारे बहुतेक जण लिहितात, की २००५ पर्यंत वेबपान ही अखंड वस्तू होती. एक ओळ बदलली तरी सारे पान पुन्हा मागवावे लागे. मग ‘अजॅक्स’ अवतरले. पानाचा स्थिर सांगाडा ब्राउझरमध्ये राहू लागला आणि केवळ बदलता मजकूर ये-जा करू लागला. ही मांडणी सोयीची आहे, पण खरी नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे युझनिक्स संस्थेच्या परिसंवादात फ्रेड डग्लिस, अँटोनियो हारो आणि मायकेल राबिनोविच यांनी ‘एचपीपी’ नावाची योजना मांडली. शोधयंत्राचे निकालांचे पान डोळ्यांसमोर आणा. शीर्षपट्टी, कोष्टकाची चौकट, तळाचे दुवे दर वेळी तेच. बदलतात ते निकाल. म्हणून त्यांनी पानाचे दोन भाग केले. एक साचा, जो वाचकाच्या यंत्रावर कॅशेमध्ये मुक्कामाला राहील. दुसरा भरणा, जो दर खेपेस ताजा येईल. निकाल कधी तीन असतील, कधी तीस. तेव्हा ‘ही चौकट जितके निकाल तितक्यांदा गिरवावी’ अशी आज्ञाही साच्यातच लिहिलेली. भरणा मूळ पानाच्या मानाने कित्येक पटींनी लहान निघतो, हे त्यांनी मोजून दाखवले. आजचा कोणताही वेब-प्रोग्रामर हे वाचून म्हणेल, ‘आम्ही रोज हेच तर करतो!’

याची निकड किती होती, ते गणिताने पाहू. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ३६ किलोबाइटचे पान उतरायला उत्तम परिस्थितीतही सुमारे दहा सेकंद लागत. त्यातले ३० किलोबाइट साच्याचे धरले, तर खरी गरज दोन सेकंदांहून कमी. आपल्याकडे विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली तीही टेलिफोनच्या तारेवरूनच. त्या तारेवर पुन्हा पुन्हा वाहून आणलेल्या शीर्षपट्टीचे पैसे भरले ते वाचकाने.

‘पण कॅशे तर होतीच ना?’ होती. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये ‘अमुक तारखेनंतर बदलले असेल तरच पाठव’ असे सर्व्हरला सांगता येत होते, आणि जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीने कॅशेचे नियम बारकाईने घालून दिले. चित्रे त्यामुळे साठवली जात. परंतु हा न्याय एका पत्त्याला एकच: पान ताजे किंवा शिळे. पानातला एक कोपरा क्षणोक्षणी बदलत असेल, तर उरलेल्या निर्दोष मजकुरालाही तीच शिक्षा. नेटस्केप २.० च्या चौकटींनी (‘फ्रेम’ म्हणत त्यांना) १९९६ मध्ये यातून ओबडधोबड वाट काढली होती, पण त्यांत दुव्याची खूण ठेवणेही जिकिरीचे.

एचपीपी ब्राउझरांनी स्वीकारली नाही. तिच्या अडचणी खऱ्या होत्या: ब्राउझरला नवी भाषा शिकवावी लागणार, सर्व्हरवरची पाने नव्याने बांधावी लागणार. तरीही केवळ तांत्रिक सबब मला पुरेशी वाटत नाही. त्या काळी अनेक संकेतस्थळे कॅशेला मुद्दाम चकवत, कारण साठवलेले पान पुन्हा पाहिले गेले तर त्याची मोजणी सर्व्हरला कळत नसे, आणि मोजणीवर जाहिरातीचा हिशोब. हा प्रकार इतका बोकाळला, की ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅशेनेच वाचनसंख्या कळवावी असा स्वतंत्र प्रस्ताव (आरएफसी २२२७) प्रसिद्ध करावा लागला. तोही फारसा कुणी राबवला नाही.

२००१ मध्ये अकामाई, ओरॅकल आदी कंपन्यांनी ‘ईएसआय’ आणले. पानाचे तुकडे तेच. मात्र जुळणी वाटेतल्या सर्व्हरवर. मूळ सर्व्हरचा भार हलका झाला. वाचकाच्या तारेवरून पान पूर्वीसारखेच सगळे वाहत राहिले. कोणाची सोय आधी पाहिली गेली, हे याहून स्पष्ट काय हवे?

आणि ज्या साधनाच्या जोरावर अजॅक्सचा डंका वाजला, ते मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये मार्च १९९९ पासूनच होते. जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये या पद्धतीला नाव दिले. शोध आपला नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. बारसे करणाऱ्याला जन्मदाता ठरवले ते नंतरच्या लेखकांनी, १९९७ चा निबंध उघडूनही न पाहता.