मुंबईच्या हवेत लाकडी पंख

रेडिओ-नियंत्रित विमानाच्या लाकडी किटमध्ये सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि विमान कसे उडणार हे ठरवणारा भाग म्हणजे पंख. धड थोडे वाकडे झाले तर ट्रिम देऊन भागते. पंखात राहिलेला पीळ प्रत्येक उड्डाणात त्रास देतो, आणि वेग कमी झाला की, म्हणजे नेमका उतरताना, सर्वांत जास्त. मुंबईत या पिळामागे कौशल्याच्या उणिवेपेक्षा हवेतला ओलावा अधिक असतो. किटसोबतची पुस्तिका बहुधा कोरड्या हवेच्या देशात लिहिलेली असते. तिच्यातला क्रम बरोबर असला तरी त्याला गिरगाव-परळच्या ऋतूंची जोड द्यावी लागते.

किटमधले लाकूड मुख्यतः बाल्सा. जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. त्याची घनता साधारण १०० ते २०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे एकाच जाडीच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून पेटी उघडल्यावर पहिले काम गोंदाचे नाही, वजनकाट्याचे. डाव्या आणि उजव्या पंखाच्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), पट्ट्या, शीट्स जोडीने तोलून वाटून घ्याव्यात. हे न करता बांधलेला पंख शेवटी एका टोकाला शिसे चिकटवून तोलावा लागतो. ते शिसे निव्वळ आळसाचे वजन असते.

तंतूंची दिशाही पाहावी. ज्या शीटवर मण्यांसारखे चकाकते ठिपके दिसतात ती ताठ असते, वाकवायला गेले तर तडकते. रिब्ज तिच्याच हव्यात. लांब सरळ रेषांची शीट सहज वळते, ती पंखाच्या पुढच्या कडेवरच्या आवरणासाठी ठेवावी. लेझरने कापलेल्या किटमध्ये रिब्जची निवड कारखान्यातच झालेली असते, ती नेहमी चांगली असतेच असे नाही. मऊ निघालेली रिब टाकून देऊन नवी कापणे केव्हाही स्वस्त पडते.

आता ओलाव्याविषयी. हवेची आर्द्रता ६० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी असते. ८५ टक्क्यांना ते सुमारे १८ टक्क्यांवर जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ८५ टक्के ही रोजचीच गोष्ट. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात चिकटवलेले रुंद शीट हिवाळ्यात आकसते आणि खालचा सांगाडा ओढते. पीळ येतो तो इथून. गोंदही वेगळे वागतात. सायनोअॅक्रिलेटला पकडण्यासाठी ओलावाच लागतो, म्हणून फेव्हिक्विकच्या जातीचे गोंद दमट हवेत भाग सरळ करायच्या आत धरतात. फेव्हिकॉल मात्र वाळायला दुप्पट वेळ घेतो. पूर्वी कपाटात साठ वॉटचा बल्ब लावून लाकूड कोरडे ठेवत. एलईडी बल्बने वीज वाचवली आणि ही सोय घालवली. आता एसीचा ड्राय मोड किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेल, हेच पर्याय उरतात.

यावरून वर्षाचे वेळापत्रक ठरते. सांगाडा पावसाळ्यात बांधायला हरकत नाही. रुंद शीटिंग आणि इस्त्रीने चढवायची फिल्म मात्र दिवाळीनंतरच.

बांधणीसाठी सपाट फळी लागते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वतंत्र टेबल ठेवणे शक्य नसते. पण दीड मीटर पंखविस्ताराच्या ट्रेनरचा अर्धा पंख ७५ सेंटीमीटरचा असतो आणि तेवढी फळी दिवाणाखाली मावते. प्लायवूडची फळी स्वतःच पावसाळ्यात वाकते. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या काचेवर सॉफ्टबोर्ड चिकटवला तर टाचण्याही रुततात आणि सपाटीही टिकते. वर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे सांगाडा कागदाला चिकटत नाही.

बहुतेक ट्रेनर किटमध्ये १९२२ सालचा क्लार्क वाय किंवा त्याच्या जवळचा छेद असतो. त्याची खालची बाजू जवळजवळ सपाट, म्हणून रिब्ज थेट फळीवर बसतात. आधी खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काडी, टाचायचा, मग रिब्ज गुण्या लावून उभ्या करायच्या, वरचा स्पार बसवायचा, शेवटी पुढची आणि मागची कड. रिब खाचेत बसत नसेल तर खाच घासावी, रिब दाबू नये. दाबून बसवलेल्या दहा रिब्ज मिळून स्पारला कमान देतात.

पंखाची खरी ताकद दोन स्पार आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या पट्टीत, म्हणजे शिअर वेबमध्ये, असते, आणि घाईत सर्वांत जास्त वगळली जाते ती हीच वेब. हिशेब करून पाहावा. दोन किलोचे विमान सूर मारून जोरात वर खेचले की पाच पट भार सहज येतो, म्हणजे दहा किलो. प्रत्येक अर्ध्या पंखावर पाच किलो, आणि त्याचा मध्य मुळापासून सुमारे ३३ सेंटीमीटरवर. २५ सेंटीमीटर रुंदीच्या क्लार्क वाय पंखाची जाडी जेमतेम तीन सेंटीमीटर असते. दोन स्पारच्या मध्यांतले अंतर त्याहून कमी, सव्वादोन ते अडीच. पाच किलो गुणिले ३३ भागिले २.३५ केले की उत्तर येते सुमारे ७० किलो. मुळाशी वरचा स्पार एवढ्या जोराने दाबला जातो आणि खालचा तेवढ्याच जोराने ताणला जातो. सहा मिलिमीटर चौरस स्प्रूस हे पेलतो. मऊ बाल्सा आवरणाच्या मदतीशिवाय पेलत नाही. दाबलेला स्पार तुटण्याआधी बाजूला वाकतो, आणि त्याला जागेवर धरते ती वेब. म्हणून वेबचे तंतू उभे हवेत. तंतू आडवे ठेवले तर शीट कमी वाया जाते हे खरे, पण अशी वेब तंतूंच्या रेषेतच चिरते. मधल्या चार-पाच कप्प्यांत तरी वेब दोन्ही बाजूंनी द्यावी. टोकाकडे एका बाजूने पुरते.

दोन अर्धे जोडताना प्रत्येकी तीन अंशांचा डायहेड्रल, म्हणजे टोकाकडे वर जाणारा कोन, ठेवायचा असेल तर एक अर्धा फळीवर सपाट ठेवून दुसऱ्याच्या टोकाखाली सुमारे आठ सेंटीमीटरचा ठोकळा द्यावा. मधली प्लायची पट्टी इपॉक्सीनेच बसवावी, आणि सावकाश धरणाऱ्या इपॉक्सीने. पाच मिनिटांत धरणारे या जागेसाठी नाही. ज्यांना पंख लोकलने न्यायचा आहे त्यांनी या कायमच्या जोडाऐवजी नळीवर सरकणारे दोन अर्धे करावेत. दीड मीटरचा अखंड पंख दादरला गर्दीत चढवणे सामानाच्या डब्यातही धोक्याचे.

फिल्म आधी खाली, मग वर. ओलसर लाकडावर इस्त्री फिरली की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगे येतात, आणि पावसात ताणलेली वाटणारी फिल्म जानेवारीत सुरकुतते. चढवण्यापूर्वी पंखाचे वजन आणि महिना मधल्या रिबवर लिहून ठेवावा. पुढे दुरुस्तीच्या वेळी ही नोंद उपयोगी पडते. फिल्मनंतर राहिलेला थोडा पीळ उलट्या दिशेने पिळून गरम केल्यास निघतो, सांगाड्यातला निघत नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन अंशांचा वॉशआऊट, म्हणजे टोकाची पुढची कड किंचित खाली वळवणारा पीळ, समान असेल तर तो असू द्यावा. एकाच बाजूला असेल तर तो पीळच. सर्व्होच्या तारा, कनेक्टर, सोल्डर हे सारे लॅमिंग्टन रोडवर मिळते. गुरुत्वमध्य पहिल्या उड्डाणासाठी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर ठेवावा.

एनसीसीच्या हवाई शाखेची पहिली दोन पथके १९५० साली मुंबई आणि कलकत्त्यात उभी राहिली, आणि तिचे छात्र आजही एरोमॉडेलिंग शिकतात. पण लालबाग-परळमध्ये बांधलेले विमान तिथल्या मैदानावर उडवता येत नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार दृष्टिपथात, छंदासाठी उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हवाई क्षेत्राचे निर्बंध मात्र त्यालाही लागू आहेत. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून शहरात ड्रोन आणि रिमोटवरची हलकी विमाने उडवण्यास मनाई करतात. पहिल्या उड्डाणासाठी शहराबाहेरचे मैदान निवडावे, आणि निघण्यापूर्वी ती जागा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे याची खात्री करून घ्यावी.