धावपट्टी झाली, वाट कोणाची?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळाचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा कोकणच्या भाग्याचे दार उघडले अशी द्वाही फिरविण्यात आली. हे दार कोणी उघडले, याविषयी मात्र एकाच व्यासपीठावर बसलेल्या नेत्यांत एकमत नव्हते. श्रेयाची ती चकमक साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. पुढे तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ज्या मुंबई-चिपी विमानसेवेसाठी हा सारा खटाटोप झाला होता, तीच सेवा बंद पडली. त्या वेळी तिचे अपश्रेय घेण्यास मात्र कोणीही पुढे सरसावला नाही. विमानतळ बांधणे हे पुढाऱ्यांचे कर्तृत्व आणि विमान थांबणे हा बाजाराचा न्याय, अशी ही सोयीची वाटणी आहे. कोकणच्या जनतेने ती निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.

वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीचा जांभ्या दगडाचा सडा हा विमानतळासाठी मोठा विलक्षण प्रदेश आहे. पश्चिमेस भोगवे-निवतीचा किनारा, पूर्वेस सह्याद्रीची निळी भिंत आणि या दोहोंच्या मध्ये माडांची, भातखाचरांची, खाड्यांची चिंचोळी पट्टी. मुंबईहून येणारा प्रवासी सुमारे सव्वा तासात येथे उतरतो. पावसाळ्यात ढग सड्यावर टेकले, धावपट्टी दिसेनाशी झाली, की हाच प्रवास रद्द होतो आणि प्रवाशाला पुन्हा रेल्वेच्या प्रतीक्षायादीकडे वळावे लागते. डोंगर आणि समुद्र यांच्या कुशीतील लहान विमानतळाचे हे सौंदर्य आणि हीच त्याची अडचण. मात्र अडचण केवळ निसर्गाची असती, तर तिच्यावर उपाय सापडले असते. खरी अडचण धोरणाची आहे.

कोकणी माणसाच्या प्रवासाचा इतिहास हा उपेक्षेचा इतिहास आहे. एके काळी तो आगबोटीने मुंबईस जात असे. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांपासून दूर खोल पाण्यात बोट उभी राही आणि पडावातून हेलकावे खात प्रवासी तिच्यापर्यंत पोहोचत. पावसाळ्यात हा मार्गच बंद. पुढे एस.टी.ने घाट आणि वळणे पार करीत चाकरमान्याला गावाशी बांधून ठेवले. गिरण्यांत राबणाऱ्या हजारो कोकणी कामगारांना शिमगा आणि गणपती यांना घरी आणण्याचे काम या लाल गाडीने केले. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ रखडले. त्या काळात त्या रस्त्याने किती कुटुंबांचे आधार हिरावून घेतले, ते कोकणातील गावेच जाणतात.

या इतिहासात एक अपवाद आहे आणि तो विसरण्याजोगा नाही. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत कोकण रेल्वेचा आग्रह धरला. त्यांच्यामागून प्रा. मधु दंडवते यांनी तो प्रश्न धसास लावला आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र सरकार तसेच महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ या राज्यांनी भांडवलाचा वाटा उचलला, जनतेकडून रोख्यांद्वारे पैसा उभा केला गेला, आणि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यासह रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा लोहमार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. ही गाडी तीन वर्षे चालवून पाहू, तोटा आला तर थांबवू, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. रेल्वे ही सार्वजनिक सेवा आहे, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

विमानाच्या बाबतीत नेमके हेच गृहीत धरले गेले नाही. केंद्राची ‘उडान’ योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसला पाहिजे, असे त्या वेळी पंतप्रधानांनी सांगितले. योजनेची रचना अशी: विमानातील सुमारे निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवायचे, तासाभराच्या प्रवासास ते प्रारंभी २५०० रुपये होते, त्यामुळे येणारी तूट मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारातून आणि राज्यांच्या वाट्यातून भरून काढायची, आणि ही मदत तीन वर्षांनी थांबवायची. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा विश्वास यामागे आहे. परंतु लहान गावाचा मार्ग हा रोपवाटिकेतील रोप नव्हे, की ठरलेल्या दिवशी आधाराची काठी काढून घ्यावी!

या विश्वासाचे काय झाले, हे देशाच्या महालेखापरीक्षकांनीच २०२३ च्या अहवालात नोंदविले आहे. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांतील अवघे ५४ मार्ग चालू होते. म्हणजे मंजूर मार्गांपैकी शंभरात सात! चिपी-मुंबई सेवेने आपली तीन वर्षे पूर्ण केली, आणि कराराची मुदत संपताच तीही थांबली. ही सेवा चालविणारी अलायन्स एअर ही सरकारी कंपनी होती, ही गोष्ट अधिक खेदाची. एअर इंडियाची विक्री २०२२ मध्ये पुरी झाल्यानंतर सरकारच्या हाती उरलेले हे छोटे साधन लोकांच्या सोयीसाठी वापरायचे नसेल, तर ते राखले कशासाठी?

यावर असे म्हटले जाईल, की विमान ही सुखवस्तूंची चैन आहे. गरिबांच्या पक्षाने तिच्यासाठी अश्रू का ढाळावेत? हा आक्षेप वरवर पुरोगामी दिसतो, पण तो आता जुना झाला आहे. आखातात मोलमजुरी करणारा तरुण, व्यापारी जहाजावरचा खलाशी, आईच्या अखेरच्या आजारपणात धावत येणारा मुंबईचा कारकून, हे सारे वर्षातून एकदा तरी विमानाने येणारे लोक आहेत. सिंधुदुर्गातील अत्यवस्थ रुग्णाला वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घ्यावी लागली आहे. मुंबईतील तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याच्या दृष्टीने चैन नव्हे. चैन म्हणायची असेल, तर ती सार्वजनिक पैशाने धावपट्टी बांधून तिच्यावर गवत वाढू देण्याला म्हणावी.

येथे मोपाचाही विचार करणे प्राप्त आहे. उत्तर गोव्यातील मोपा येथील मोठा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. चिपीपासून त्याचे हवाई अंतर पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. विमानकंपन्यांचा ओढा मोठ्या बाजारपेठेकडे असणार, आणि सावंतवाडीचा प्रवासीही मोप्याकडे वळणार, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती. तरीही दोन राज्यांनी एकत्र बसून कोणत्या विमानतळाने कोणती गरज भागवावी याचा आराखडा केला नाही. एका बाजूस खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिलेला विमानतळ, आणि दुसऱ्या बाजूस तीन वर्षांची विमानसेवा! इमारतीला पिढ्यांची शाश्वती आणि प्रवाशाला मात्र तीन वर्षांची. नियोजनाच्या जागी स्पर्धा आणून बसविली की असेच घडते. २०२४ मध्ये एका नव्या खासगी कंपनीने बंगळूर, हैदराबाद व पुणे येथून चिपीस सेवा सुरू केली. तिचे स्वागतच आहे. पण चाकरमान्याचे मुंबईशी असलेले नाते कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून ठेवणे हे शासनाचे धोरण होऊ शकत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मुंबई-चिपी मार्गावरील सेवा ही दीर्घ मुदतीची सार्वजनिक बांधिलकी म्हणून घोषित व्हावी आणि तिचा भार केंद्र व राज्य यांनी उघडपणे उचलावा. पावसाळ्यात विमान उतरण्यास लागणारी साधने धावपट्टीवर असावीत. विमानाच्या वेळेशी जुळणारी एस.टी. कुडाळ, मालवण व वेंगुर्ले येथे सुटावी. कारण कुडाळ स्थानकापासून पंचवीसेक किलोमीटर दूर असलेल्या सड्यावर उतरलेल्या प्रवाशाला भाड्याच्या मोटारीसाठी जबर पैसे मोजावे लागणार असतील, तर विमानाच्या भाड्यातील सवलत फोल आहे. या विमानतळावर व मार्गावर खर्च झालेल्या सार्वजनिक पैशाचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर ठेवला जावा. आणि या सर्वांच्या आधी, ज्या कोकण रेल्वेने बहुसंख्य लोक प्रवास करतात, तिचे दुपदरीकरण व सामान्य वर्गाचे डबे यांना अग्रक्रम मिळावा. विमान हे रेल्वेला पूरक असावे, रेल्वेकडे दुर्लक्ष करण्याची सबब असू नये.

चिपी विमानतळास बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. ते त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते आणि त्यांचा जन्म याच वेंगुर्ल्याचा. निर्णय उचित आहे. पण नाथ पै यांनी लोकसभेत कोकणासाठी नामफलक मागितला नव्हता; गाडी मागितली होती, आणि ती सर्वांसाठी मागितली होती. त्यांचे नाव धारण करणाऱ्या धावपट्टीवर मुंबईचे विमान नियमाने उतरेल आणि त्यातून उतरणाऱ्याला बाहेर एस.टी. उभी दिसेल, तेव्हाच त्या नावाचा मान राखला गेला असे म्हणता येईल.