यंत्राच्या डोळ्यालाही दोन पायच दिसतात!

परभणी-मानवत रोड लोहमार्गावरचे पेडगाव. कापूस, सोयाबीन, तुरीचा हा मुलूख. समजा, येथील एखाद्या पोलिओग्रस्त तरुणाने ठरवले की आपणही वजन उचलायचे, देशासाठी खेळायचे. त्याला शिकवणार कोण? धडधाकट मुलांनाच धड व्यायामशाळा मिळत नाही, तेथे अपंगाच्या वाट्याला प्रशिक्षक कोठून येणार? आता सांगितले जाते की काळजी नको, मोबाईलचा कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हेच गुरुजी! या दाव्यात खरे किती आणि भुलवणारे किती, हे आपण तपासून घेतले पाहिजे.

पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. खेळाडू बाकावर उताणा झोपतो, पायही बाकावरच असतात. त्यामुळे पायाचा जोर लावता येत नाही, सारा भार खांदे, छाती आणि दंडावर पडतो. बार छातीवर आणायचा, तेथे क्षणभर निश्चल ठेवायचा आणि दोन्ही हात सारखेच वर नेऊन कोपरे सरळ करायची. समोर तीन पंच असतात. दोघांनी पांढरा दिवा दिला तर वजन मान्य, दोघांनी लाल दिला तर मेहनत पाण्यात! याच खेळात राजिंदरसिंग राहेलू यांनी 2004 साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये 56 किलो गटात कांस्यपदक मिळवले. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुधीर यांनी 212 किलो उचलून सुवर्णपदक आणले. दोघांनाही लहानपणी पोलिओने गाठले होते.

येथे कॅमेरा उपयोगी पडतो, हे मान्यच केले पाहिजे. साधा मोबाईल सेकंदाला 30 चित्रे टिपतो. बार छातीवर खरोखर थांबला की नुसता टेकून उसळला, डावा हात मागे राहिला का, बार तिरका गेला का, हे डोळ्यांतून निसटते पण चित्रात सापडते. शिवाय खुर्चीची चाके ढकलणाऱ्या किंवा कुबड्या वापरणाऱ्या माणसाचे खांदे दिवसभर राबतच असतात. चुकीच्या पद्धतीने वजन उचलून तो खांदा गेला, तर खेळ जातोच, पण चालणे-फिरणेही जाते. म्हणून चूक वेळीच कळणे ही चैनीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

मग पंचांच्या जागी यंत्रच का नको? लेखी परीक्षेत पुढे आणि तोंडी परीक्षेत मागे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. माणसाच्या नजरेत पूर्वग्रह असतो, यंत्राला जात नसते, असे कोणी म्हटले की आपल्यालाही ते पटते. पण बांधवांनो, येथेच सावध राहिले पाहिजे. यंत्र स्वतः काही जाणत नाही, जी चित्रे दाखवली त्यांवरून ते शिकते. गूगलची मीडियापाइप ही फुकट मिळणारी प्रणाली शरीरावर 33 बिंदू शोधते. ज्याला एक पाय नाही त्याच्या चित्रातही ती त्या पायाचे बिंदू कोठेतरी ठेवतेच! कारण माणूस म्हणजे दोन हात, दोन पाय हे तिच्यात आधीच गृहीत धरलेले आहे. त्यातच बाजूने चित्रण केले तर बारच्या मोठ्या चकत्यांआड कोपर आणि छाती दोन्ही लपतात आणि यंत्र अंदाजाने उत्तर देते. एखाद्याचे कोपर व्यंगामुळे पूर्ण सरळ होत नसेल, तर ते त्याचे शरीर आहे, त्याची चूक नव्हे. पंचाला हे आधी सांगता येते, यंत्राला कोण सांगणार?

ज्यांना मोजणीतच धरले नाही त्यांना मोजमापाच्या नावाखाली नापास करायचे, ही या देशातील जुनीच रीत आहे. ती नव्या यंत्रातून परत येऊ नये. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. अपंगांचे 'दिव्यांग' झाले, पण नाव बदलल्याने बाक आणि बार गावात आला काय?

म्हणून यंत्र सरावाला जरूर असावे, निकाल मात्र माणसांनीच द्यावा. यंत्राने चूक काढली तर ते चित्र खेळाडूला दाखवावे, म्हणजे त्याला उलट प्रश्न विचारता येईल. अशी यंत्रे घडवताना अपंग खेळाडूंची चित्रे त्यांच्या संमतीनेच घ्यावीत. आणि सर्वांत आधी साहित्य हवे! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 30 मध्ये खेळातील सहभागाची जबाबदारी शासनावर आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, तो पैसा कोठे गेला? त्यातून एक भक्कम बाक आणि एक बार मागा. कॅमेरा तर आज पोरांच्या खिशातच आहे. तो काय टिपणार, हे मात्र आपल्या मागणीवर अवलंबून आहे!