‘अंडररेटेड’ म्हणजे नक्की काय?

‘द वायर’ किती अंडररेटेड आहे, हे मला आजवर निदान दहा जणांनी ऐकवलं असेल. बहुतेक सगळे माझ्याच जातकुळीतले: इंजिनियर, आयटीत नोकरी, डोक्यावर हेडफोन. २००२ ते २००८ दरम्यान एचबीओवर चालू असताना त्या मालिकेला प्रेक्षक बेताचेच होते आणि एमी एकदाही मिळाली नाही, हे खरं. पण आज ती विद्यापीठांत शिकवतात आणि सर्वोत्तम मालिकांच्या यादीत तिला हमखास जागा असते. तिला अजून उपेक्षित कसं म्हणायचं? या वाक्यात मालिकेबद्दल काही नसतंच. ‘मी इतरांहून वेगळं बघतो’ एवढंच त्यात असतं.

याच मंडळींना विचारा, ‘रुद्रम’ पाहिली का? बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. २०१७ साली झी युवावर आलेली ही थरारमालिका. आपली माणसं गमावलेली बाई त्यामागचे हात शोधत निघते. ती भूमिका मुक्ता बर्वेने केली. ना सासूची कारस्थानं, ना सणावारांचे विशेष भाग. गोष्ट सांगून झाली आणि मालिका त्याच वर्षी संपली. त्याआधी ‘असंभव’ने पुनर्जन्मासारखा घासून गुळगुळीत झालेला विषय घेऊन रोज रात्री लोकांना टीव्हीसमोर बसवलं, तर ‘अग्निहोत्र’ने नाशिकचा वाडा आणि आठ गणपतींच्या निमित्ताने विखुरलेल्या घराण्याची गोष्ट सांगितली. यांच्यात दोष नव्हते असं नाही. पण दोष काढायलाही आधी बघावं लागतं. ‘मराठी मालिका ना, आई बघते’ म्हटलं की ती गरज उरत नाही.

आता ‘रेटिंग’ या शब्दाकडेच बघू. देशात वीस कोटींहून जास्त घरांत टीव्ही आहे. बार्कची मोजणीयंत्रं आहेत ती त्यांतल्या अगदी थोड्याच घरांत. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. यंत्र ती ओळखतं आणि टीव्हीसमोर कोण बसलंय हे घरातली माणसं बटण दाबून सांगतात. नमुना लहान आहे ही माझी तक्रार नाही; नीट निवडला तर तेवढाही पुरतो. माझी तक्रार काय मोजलं जातं याबद्दल आहे. तिथे मिनिटं मोजली जातात. भाकरी थापत कानाने ऐकलेली मालिका आणि श्वास रोखून पाहिलेली मालिका, दोन्हींची मिनिटं सारखीच. वर्षभराने काय लक्षात राहिलं, याला तिथे रकाना नाही.

जे मोजाल त्याच्याकडे व्यवस्था झुकते, हे सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज दिसतं. किती तक्रारी बंद केल्या यावर बढती ठरली, तर तक्रारी भराभर बंद होतात, सुटत मात्र नाहीत. मिनिटांवर जाहिरातीचा दर ठरत असेल, तर चालू मालिका संपवणं हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे. म्हणून गोष्ट संपली तरी मालिका चालू राहते: अपघात होतो, स्मृती जाते, चेहरा बदलतो. लेखकाची अक्कल कमी पडली असं नाही. शेवट करण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

‘लोकांनाच हे हवं असतं’, हा यावरचा ठरलेला बचाव. मग ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’चं काय? २०१२ साली झी मराठीवर आली, घराघरांत गाजली आणि त्याच वर्षी संपली. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. आटोपशीर गोष्ट मराठी प्रेक्षकाला पचत नाही, हे विधान तिथेच निकालात निघतं.

मोजणीयंत्र लोकप्रियतेपुढे लोटांगण घालतं, तर आपला रसिक तिच्याकडे नाक मुरडतो. स्वतः बघून ठरवण्याचे कष्ट दोघांनाही नकोत. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये धो धो चालला. बायका गटागटाने, नऊवारी नेसून थिएटरात गेल्या. त्याची सर्वांत जास्त टिंगल मी ऐकली ती न पाहिलेल्यांकडून. सिनेमा हुकमी रडवतो, हा आक्षेप मलाही मान्य आहे. पण प्रौढ वयाच्या सहा बहिणी नायिका आहेत आणि त्यांच्या कुरबुरींवर अख्खा सिनेमा उभा आहे, असं मराठी पडद्यावर कितीदा झालं? ‘सैराट’च्या बाबतीत तर वादच नको. ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचलेलं थिएटर शेवटच्या काही मिनिटांत सुन्न झालं. गर्दी आणि गांभीर्य एकाच तिकिटात मिळू शकतं, हे २०१६ सालीच सिद्ध झालंय.

टीआरपी आपल्या हातात नाही, हे मान्य. पण समीक्षा तर आहे? शुक्रवारी लागलेल्या सुमार सिनेमालाही रविवारच्या पेपरात तारे मिळतात. दोन-दोन वर्षं रोज अर्धा तास लाखो घरांत जाणाऱ्या मालिकेच्या पटकथेवर, संवादांवर, शेवटावर कोणी चार परिच्छेद लिहीत नाही. साहित्यिक म्हणवणाऱ्या आपल्या अंकांतही कथासंग्रहांवर लेख येतात, मालिकालेखनावर क्वचित. वेळेत आणि नीट संपवणाऱ्या लेखकाला वाहिनी पैसे देत नाही आणि आपण दखल देत नाही. मग त्याने पुढच्या वेळी कशाच्या जोरावर संपवायचं?

बाल्टिमोरच्या मालिकेची बाजू मांडायला जगभरचे लोक आहेत. ‘रुद्रम’वर मराठीत आपण नाही लिहिलं, तर दुसरं कोणी लिहिणार नाही. अंडररेटेड म्हणण्याची एवढी हौस असेल, तर आधी मराठीतली एक मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत बघा आणि ती कुठे जमली, कुठे फसली, हे नावानिशी लिहा. ते जमत नसेल, तर निदान आईच्या हातातल्या रिमोटला नावं ठेवू नका.