किल्ली खरी होती, सही जुनी होती

प्रति,
प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे

मी गंगापुरात राहून तालुक्यातल्या लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. यंत्रं मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी इथे. रोजच्या जाण्यायेण्याची वाट एकच, एसएसएच, म्हणजे दुरून यंत्रात लॉगिन करण्याची सुरक्षित पद्धत.

उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार २०२५ च्या मे महिन्यात संपला, म्हणून एका अडत दुकानाचा सर्व्हर मी रात्री २२.०४ वर नेला. कापसाचा हंगाम होता. सकाळी हिशेबनिसाचा फोन आला, "दादा, सर्व्हर किल्लीच घेत नाही." त्याच्या पुटीवर, म्हणजे एसएसएचनं जोडणाऱ्या प्रोग्रामवर, 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की' एवढंच दिसत होतं. माझ्या लॅपटॉपवरून मात्र लॉगिन बिनबोभाट होत होतं. मी फोल्डरच्या परवानग्या तपासल्या, त्याला दोनदा नवी आरएसए किल्ली करून दिली. दुपारपर्यंत पावत्या हातानं लिहाव्या लागल्या आणि शेतकरी गाड्या घेऊन ताटकळले. ते मला अजून लागतं.

उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये सकाळपासून लिहिलेलं होतं: 'एसएसएच-आरएसए' प्रकार मान्य नाही. ओपनएसएसएच ८.८ ने सप्टेंबर २०२१ मध्ये शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेली आरएसए सही मूळ सेटिंगमध्येच बंद केली, आणि २२.०४ सोबत ८.९ आलं. किल्ली चांगलीच होती. ती वापरून सही करणारी पुटी जुनी होती. आरएसएची नवी सही पुटीला ०.७५ पासून, म्हणजे २०२१ पासूनच जमते. नवी पुटी टाकली आणि जुन्याच किल्लीनं दार उघडलं. शा-१ बंद करणं योग्यच होतं, ती आता फोडता येते. सर्व्हरवर जुनी सही पुन्हा चालू करण्याचा सोपा उपाय मी म्हणूनच टाळला.

आपल्याकडे एक गोष्ट मागतोय, त्याला कारण आहे. जिस्ट कार्डामुळे सरकारी कचेऱ्यांच्या पडद्यावर मराठी आली, ते काम सी-डॅकचं. आता अपग्रेडआधी हाताशी ठेवायची दोन पानं मराठीत काढा. चालू लॉगिन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आधी आत जाऊन बघावं, एसएसएच पुन्हा सुरू करण्याआधी त्याची सेटिंग फाईल तपासून घ्यावी, डेटा सेंटरच्या कन्सोलचा पासवर्ड जवळ असावा, आणि जोडणाऱ्या प्रत्येक यंत्रावरची आवृत्ती आदल्या दिवशीच लिहून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लॉगमधल्या नेहमीच्या इंग्रजी ओळी आणि प्रत्येकीचा मराठीत अर्थ. वाळूज, लासूर स्टेशन, वैजापूर इथं हे काम करणारी बरीच मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली आहेत. हात चालतात त्यांचे, पण त्या एका ओळीपाशी अडतात.

माझ्या नोंदवहीत अशा एकेचाळीस ओळी उतरवलेल्या आहेत, कारणासह. कळवलंत तर वही घेऊन पुण्याला येतो.

आपला,
गंगापूरचा एक सर्व्हर सांभाळणारा