गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत

मुंबईतल्या एका केंद्रावर सिस्टरने गोळी चुरडली, तो चुरा समोरच्या तरुणाच्या जिभेखाली सोडला आणि म्हणाली, ‘बसा आता. बोलू नका.’ तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. कोपराच्या आतल्या बाजूची शीर दोरीसारखी टणक झालेली. काही मिनिटांनी तिने जीभ वर करायला लावली, नीट पाहिलं, रजिस्टरमध्ये सही घेतली. त्याने बाकाखालची डब्याची पिशवी उचलली आणि तो कामावर गेला.

दिवाळी अंकाची सुरुवात याने कशाला, असं आमच्या संपादक मंडळातल्या दोघांनी विचारलं. सणाला घरी न जाऊ शकणारी मुलं आपल्या सिल्वासात हजारोंनी आहेत, म्हणून. आमली, नरोली, रखोलीच्या कारखान्यांत राबणारी ही मुलं एका खोलीत पाचसहा जण राहतात. एक शिफ्टला उठला की दुसरा त्याच चटईवर पडतो. त्यांच्यावर व्यसनाचा शिक्का मारायचा नाही. पण त्यांच्यातला एखादा घसरला तर त्याला सावरायला आई नाही, भाऊ नाही. मग गावाने काय करायचं, एवढंच विचारायचं आहे.

मराठी माणसाला ‘गर्द’, म्हणजे ब्राऊन शुगर, हा शब्द कळला तो अनिल अवचटांच्या लेखांमुळे. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पैसे घेऊन पुढे आले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे व्यसनी माणसाला मारझोडीऐवजी माया दिली. ‘गर्दुल्ला’ म्हणून हाकलला जाणारा माणूस तिथे पेशंट झाला. हे आपलं मोठं संचित आहे. तरीही सगळेच त्या दारापर्यंत पोचत नाहीत, आणि पोचलेले सगळेच पहिल्या खेपेला सुटत नाहीत. तोवर त्यांनी जिवंत राहायला हवं.

पन्नीवर ओढताना गर्दचा बराच धूर वाया जातो. पैसे कमी पडले की माणूस सुईकडे वळतो, आणि सिरिंज जवळ सापडली तर पोलीस धरतील या भीतीने एकच सुई चौघांत फिरते. मणिपूरमध्ये 1989 नंतर वर्षभराच्या आतच सुई घेणाऱ्यांत एचआयव्ही निम्म्यांपर्यंत पसरला. देशात 2017 मध्ये प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण 0.22 टक्के होतं. सुई घेणाऱ्यांत 6.26 टक्के. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीने अशा माणसांची संख्या साडेआठ लाख सांगितली.

मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांच्या ‘संकल्प’ने 1995 पासून रस्त्यावरच्या या माणसांत काम उभं केलं: वापरलेली सुई घ्यायची, नवी द्यायची. ‘हे तर व्यसनाला खतपाणी,’ असं पुष्कळजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. सुई तो घेतोच आहे. नवी सुई घेऊन येणारा कार्यकर्ता हातावरचं गळू पाहतो, रक्त तपासायला नेतो, आणि कधीतरी त्या गोळीचं नाव काढतो. त्याच्याशी नीट बोलणारा तेवढा एकच माणूस असतो.

गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसतो तिथेच ती बसते. टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्याने होणारी तडफड, थांबते, पण ठरलेल्या मात्रेत नशा चढत जात नाही. एक व्यसन गेलं, दुसरं आलं, असं म्हणणाऱ्यांनी गोळी घेणाऱ्याचा दिवस पाहावा. दिवसातून चारदा पुडीमागे धावणारा माणूस एकदा केंद्रावर येतो आणि उरलेला दिवस त्याचा असतो.

आमच्या गावापुरतं मागणं साधं आहे. बारा तासांच्या शिफ्टवर जाणाऱ्याला दहा वाजता उघडणारी खिडकी निरुपयोगी. गोळी पहाटे सहाला मिळावी. स्थिरावलेल्यांना ती घरी न्यायची मुभा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने (नॅको) 2020 च्या टाळेबंदीत दिलीच होती. मात्रा जास्त होऊन श्वास अडकला तर नॅलॉक्सोन काही मिनिटांत माणसाला परत आणतं. ते रुग्णवाहिकेत असावं आणि खोलीतल्या सोबत्यांना वापरता यावं. त्याचा असर गर्दच्या आधी उतरू शकतो, म्हणून नंतर इस्पितळ गाठावंच लागतं. तिथे पोलिसांच्या धास्तीने कुणी मित्राला दारात टाकून पळू नये, हेही आपणच पाहायचं. स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनीला अमली पदार्थांविषयीच्या (एनडीपीएस) कायद्याच्या 64अ कलमात संरक्षण आहे, ही गोष्ट खोल्याखोल्यांतून सांगायला हवी.

या अंकातला पहिला लेख एका आईचा आहे. नाव छापू नका, म्हणाली. मुलगा गेली दोन वर्षं रोज गोळी घेतो. लेख देताना तिने विचारलं, ‘दिवाळीला केंद्र बंद नसेल ना?’