हृदयाची झडप बदलली, पुढे काय?

हृदयाची झडप बदलली की दुखणे संपले, असे घरची माणसे धरून चालतात. वयस्क रुग्णाची खरी राखण तेथूनच सुरू होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वदेशी झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविली गेली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णाची ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. पण शस्त्रक्रिया मोठ्या शहरात आणि रुग्ण तोरणमाळच्या एखाद्या पाड्यावर! तोरणमाळहून शहादाच सुमारे ५५ कि. मी. घोडे अडते ते येथे.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो. जास्त झाली तर रक्तस्राव. हा तोल आय.एन.आर. या रक्ततपासणीनेच कळतो. प्राण्याच्या ऊतीची झडप साधारण १० ते १५ वर्षे टिकते, पण ठोके नियमित असतील तर ही गोळी बहुधा काही महिनेच लागते. म्हणून आमचे सांगणे असे की, "आमच्याकडे रक्त तपासण्याची सोय दूर आहे, कोणती झडप बरी?" हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात रानभाज्या येतात. त्या खाव्यात, पण रोज सारख्याच प्रमाणात. हिरवा पाला एकदम वाढला की गोळीचा असर घटतो. अंगदुखीची गोळी वा झाडपाल्याचे औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. कमरेत सुई टोचून घेऊ नये, आत रक्त साकळते. दात काढण्यापूर्वी झडपेची गोष्ट जरूर सांगावी.

दोन दिवसांवर ताप राहिला तर झडपेला जंतुसंसर्ग झाला असू शकतो. काळी शौच, तोंड वाकडे होणे, आडवे होताच दम लागणे, पाय सुजणे, भोवळ येणे, धातूच्या झडपेची टिकटिक बंद पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

दिवाळीनंतर तरुण मंडळी ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हातारी माणसे मागे राहतात. जाण्यापूर्वी महिनाभराच्या गोळ्या, रुग्णाचे कार्ड आणि पुढच्या तपासणीची तारीख शेजाऱ्याला वा आशाताईंना दाखवून जा. आईबापांसाठी एवढे करणे आपल्या हाती आहे.